रक्ताचा दाखला

इंदापूर तालुक्यातल्या माझ्या पिढीतल्या निम्म्याअधिक माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, १ जूनला. आईबाप पोराला शाळेत घालायला आले की मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" उत्तर यायचं, "बेंदराच्या आदल्या दिवशीचा," नाहीतर "ज्वारी हुरड्यात होती तवा." हे काही रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं झालं, असा हिशोब. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा तारीख १ जून, आणि साल आजच्या सालातून सहा वजा करून. आमच्याकडे कोणालाच हे खोटं वाटत नसे. नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शनही त्याच तारखेवर सुरू झालं.

माझ्या थोरल्या आत्याची कालगणना निराळी आहे. तिचे सासरे मानमोडीच्या साथीतून वाचलेले. ती स्वतः गांधीवधानंतर जाळपोळ झाली त्या सालची. तिचा धाकटा भाऊ पानशेत फुटलं तेव्हा रांगत होता, म्हणजे १९६१चा जुलै. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे घरातली उतरंड कोसळली, म्हणजे डिसेंबर १९६७, आणि तेव्हा ती नवी सून होती. तिचा मुलगा बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता. ती खडी फोडायला जायची, सुकडी खायची, आणि पुढच्या पावसाळ्यात, "भीमाईला पहिलं पाणी आलं त्या आठवड्यात," तो जन्मला. मी हे सगळं कॅलेंडरशी ताडून पाहिलं आहे. आत्या कुठे चुकत नाही. चुकतो तो शाळेचा दाखला.

ज्या गावात तो जन्मला ते गाव आता उजनीच्या पाण्यात आहे. धरण १९८० साली पुरं झालं, पण गावं त्याआधीच उठू लागली होती. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी खूप उतरलं की वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. आत्याच्या गावचं देऊळ एवढं उंच नव्हतं, त्यामुळे ते वर येत नाही. भिगवणकडच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पुण्यामुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात. आत्या म्हणते, "त्ये पाखरू हुबं हाय ना, तितं आमचं खळं."

आत्याचा हा मुलगा, माझा आत्तेभाऊ, इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला, तिकडे स्थिरावला, तिथला नागरिक झाला. आत्याचे यजमान गेल्यावर त्याने आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. नागरिकाला आपल्या आईसाठी अर्ज करता येतो आणि त्यात भावाबहिणींच्या अर्जासारखी दीड-दोन दशकांची रांग नसते. लागतं काय? मुलाचा जन्मदाखला, ज्यावर मुलाचं आणि आईचं नाव आहे. बस, एवढंच. कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात निवृत्त आणि रिकामा असा मीच.

जन्म घरी झालेला. सुईण गावातली. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला होता खरा, पण दुष्काळातून उठलेल्या त्या घरातून वर्दी द्यायला कोण जातंय? नोंद नसल्याचा रीतसर दाखला मिळाला. नोंद नसल्याची नोंद मात्र पक्की असते, त्यावर गोल शिक्काही असतो. अशा वेळी दुय्यम पुरावे जोडतात: शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, रेशनकार्ड. शाळेच्या दाखल्यात आईच्या नावाचा रकानाच नव्हता. आपल्याकडे पोराच्या नावामागे बाप येतो, आई येत नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालणं महाराष्ट्राने बंधनकारक केलं. माझ्या आत्तेभावाला ते एक्कावन्न वर्षं उशिरा झालं.

त्यातून आत्याची नावं तीन. माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, आणि मतदारयादीत कोणीतरी कानाने ऐकून लिहिलेलं तिसरं. पासपोर्टवर तिसरं.

पण खरी गाठ होती रेशनकार्डात. कार्डावर आत्याचे दोन मुलगे होते. दोघांची जन्मतारीख एकच. १ जून १९७३. आणि अर्जात तर आत्तेभावाने लिहिलं होतं, "मला सख्खं भावंड नाही."

आता हे तिकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. गावाचा पत्ता पाण्याखाली. जन्माची नोंद नाही. आईची नावं तीन. एकाच दिवशी जन्मलेले दोन मुलगे, त्यांतला एक अर्जातून गायब. संशय आला नसता तरच नवल. मी त्याला दोष देत नाही.

दुसरा मुलगा म्हणजे आत्याच्या धाकट्या दिराचा. तो थोरल्यापेक्षा वर्षाने लहान. त्याची आई त्याच्या बाळंतपणातच गेली. आत्याचं पोर तेव्हा अंगावर पीत होतं, तिने दुसऱ्यालाही घेतलं. दीर पुढे फार जगला नाही. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, दोघांचाही हात कानाला लागला, मास्तरांनी दोघांना एकच तारीख लावली. रेशनकार्ड करताना तलाठ्याने विचारलं, "मुलं किती?" आत्याच्या यजमानांनी सांगितलं, "दोन." दोघंही तिला 'बाई' म्हणतात.

काही महिन्यांनी पत्र आलं. भाषा सभ्य होती. सादर केलेल्या पुराव्यांवरून नातं सिद्ध होत नाही, इच्छा असल्यास डीएनए चाचणी करता येईल, ती ऐच्छिक आहे, खर्च अर्जदाराचा, आणि चाचणी जुळली म्हणजे व्हिसा मिळालाच असं समजू नये. ऐच्छिक म्हणजे काय, तर केली नाही तर फाइल जिथे आहे तिथे राहील. मी आत्याला समजावून सांगितलं. ती निवडत होती शेंगा. हात न थांबवता म्हणाली, "माझ्या पोटचं हाय का न्हाय ते माझ्या थुंकीला इचारणार? मला इचारा की."

तिचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. आपल्या मुलखात शेकडो वर्षं हाच कायदा होता. पाटीलकी किंवा देशमुखी कोणाची, मूळ पुरुषाचा खरा वंशज कोण, असा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील, बलुतेदार, भाऊबंद असे सगळे जमत, देवळात किंवा नदीकाठी साक्षी होत. "आम्ही वाडवडिलांपासून ऐकत आलो" हे वाक्य तिथे पुरावा म्हणून चाले. निवाड्याचा महजर लिहीत आणि खाली प्रत्येकाची निशाणी असे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. साक्षींनी उलगडा झाला नाही तर शेवटी दिव्य. त्यातलं रवा दिव्य असं: उकळत्या तेलातुपात धातूचा तुकडा टाकायचा आणि दावेदाराने तो हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर मोहर तोडून हात बघायचा. भाजला नसेल तर तो खरा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथात अशा निवाड्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. ज्याला वंशवेड आहे त्याने जरूर वाचावा.

माझे आजोबा या विषयावर बोलायला लागले की भाऊसाहेबांच्या तोतयावर येत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ पडले, पण देहाची खात्री सगळ्यांना पटली नव्हती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. अशा वेळी सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहतो आणि सरदारांतली, सरकारकुनांतली शहाणीसुरती माणसं त्याला मानतात. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांकडून खात्री करून घेतली गेली, तो तोतया ठरला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आजोबा थांबून विचारत, "पण ज्यांनी वळखला त्येंनी खरंच वळखला, का वळखायचं हुतं म्हणून वळखला?" साक्षीपुराव्याच्या कायद्यावर याहून नेमका प्रश्न मी कोणा वकिलाकडून ऐकलेला नाही.

बारामतीलाही अशी नात्याची मातब्बरी माहीत होती. बाबूजी नाईक जोशी बारामतीकर हे मोठे सावकार, मोरोपंतांचे आश्रयदाते. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई. पेशव्यांशी ही सोयरीक सगळ्या मुलखाला पाठ होती, तिच्यासाठी कोणाला कागद दाखवावा लागत नव्हता.

साक्षीची जागा घेणारा कागद आमच्या भागात आला तो इंग्रजांच्या हातून, आणि आला तोच जमिनीच्या मोजणीसाठी. प्रिंगलसाहेबाची पहिली जमाबंदी फसली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातून. पुढे मुंबई इलाख्यात जी रयतवारी मोजणी पसरली तिचं बाळंतपण इथलं. शेताला नंबर आला, नंबरापुढे खातेदाराचं नाव आलं, आणि ज्याचं नाव कागदावर त्याची जमीन असं ठरलं. मग त्या नावावर कर्ज मिळू लागलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. आज सुपे बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची दुकानं गाठली. माणसं मारण्यापेक्षा त्यांना रस होता तो खतं आणि रोखे जाळण्यात. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आमच्या घरात सांगतात, की आजोबांचे आजोबा त्या दिवशी सुप्यात होते आणि त्यांनी आपला रोखा स्वतःच्या हाताने जाळला. मला शंका आहे. बारामती-इंदापुरात असं सांगणारी इतकी घरं मला भेटली आहेत, की तेवढी माणसं सुप्याच्या बाजारात मावली नसती. तरी गोष्ट खरी मानायला मला आवडतं. आंगठा उठवलेला कागद माणसापेक्षा मोठा होतो हे त्या पिढीने भोगलं होतं. आजोबा शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय कशावर सही करत नसत, आणि वाचून दाखवल्यावरही फार थोड्या ठिकाणी करत.

म्हणजे आमच्याकडे आधी माणसाची साक्ष होती, मग कागद आला. आता पाळी शरीराची.

ती कशी आली ते पाहण्यासारखं आहे, कारण तिची सुरुवात गुन्ह्यातून नाही, इमिग्रेशनच्या एका फाइलीतून झाली. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४च्या सकाळी एका एक्स-रे फिल्मवर आडव्या पट्ट्यांची रांग दिसली. प्रत्येक माणसाची रांग वेगळी, आणि मुलाच्या पट्ट्या निम्म्या आईकडच्या, निम्म्या बापाकडच्या. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे एक प्रकरण आलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला एक मुलगा घानाला बापाकडे राहून परत आला, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना त्याच्या पासपोर्टचा संशय आला. तो आई म्हणवणाऱ्या बाईचा मुलगाच आहे की तिच्या बहिणीचा मुलगा, मुलगा म्हणून आणलेला? प्रश्न आई की मावशी, असा. बाप हजर नव्हता. जेफ्रीज यांनी आई, तो मुलगा आणि तिची बाकीची तीन मुलं यांचं रक्त घेतलं, भावंडांच्या पट्ट्यांवरून गैरहजर बापाच्या पट्ट्या जुळवल्या आणि दाखवून दिलं, की ती आईच. मुलाला राहू दिलं. हे सगळं १९८५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

त्याआधी काय चाले हेही सांगायला हवं. १९७०च्या दशकात ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या उपखंडातल्या मुलांची वयं ठरवायला हाडांचे एक्स-रे काढत. हीथ्रोवर एका भारतीय वधूची कौमार्यचाचणी केल्याची बातमी १९७९ साली फुटली आणि मोठा गदारोळ झाला. सिल्हेटच्या बायकापोरांना तासन्‌तास वेगवेगळं बसवून प्रश्न विचारत: घराला दारं किती, विहीर कुठल्या बाजूला. उत्तरं जुळली नाहीत की नातं खोटं. त्यामानाने गालाच्या आतून फिरवलेला कापूस म्हणजे सुटकाच. ही चाचणी गरिबाच्या बाजूने आली होती, हे आज तिच्यावर टीका करताना विसरू नये. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे निदान शरीर तरी असतं.

भारतात हे तंत्र उभं केलं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी. त्यांचा शोधक धागा आला होता पट्टेरी मण्यार या सापाच्या गुणसूत्रांवरच्या अभ्यासातून. उसाच्या फडात मण्यारीला भिऊन वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून गंमत वाटते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केरळातल्या थलश्शेरीच्या न्यायालयात एका पितृत्वाच्या दाव्यात त्यांची चाचणी पुरावा म्हणून आली.

आज पट्ट्या जाऊन आकडे आले आहेत. गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कोणाच्यात नऊ वेळा, कोणाच्यात तेरा वेळा. प्रत्येक ठिकाणी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईने दिलेला, एक बापाने. मुलाच्या दोन आकड्यांपैकी एक आईकडे सापडायलाच हवा. अशी पंधरा-वीस ठिकाणं ताडून पाहिली की शंकेला जागा उरत नाही. अमेरिकेचं सरकार ९९.५ टक्के खात्री मागतं आणि एएबीबी या तिकडच्या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल घेतं. बारामतीत किंवा पुण्यात परस्पर चाचणी करून अहवाल जोडला तर तो कचऱ्यात जातो. मुलाने तिकडच्या प्रयोगशाळेची निवड करायची, नमुना तिकडे द्यायचा. आईसाठीची पेटी प्रयोगशाळा थेट वकिलातीच्या यंत्रणेकडे पाठवते, नमुना त्यांच्या माणसासमोर घेतात, तो त्यांच्याच हातून परत जातो. कुटुंबातल्या कोणाच्याही हाती पेटी पडत नाही. रव्याच्या हातावरच्या मोहरेची मला आठवण झाली ती इथे.

आत्याला मुंबईला नेलं ते धाकट्याने. त्याने गाडी भाड्याने न घेता स्वतःची काढली, पहाटे निघाला, तिच्या गुडघ्यांसाठी वाटेत थांबत थांबत नेली. मी बरोबर होतो. आत एकटीलाच घेतलं. पासपोर्ट पाहिला, फोटो घेतला, दोन्ही गालांच्या आतून कापूस फिरवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच? ह्याच्यापरीस पोलिओचा डोस बरा."

मग तिने धाकट्याकडे बघून विचारलं, "ह्येचा न्हाई का घेतला?"

त्याचा घेतला असता तर काय निघालं असतं? काहीच नाही. काकू आणि पुतण्या यांच्यात शास्त्राच्या हिशोबाने रक्ताचं नातंच नाही. मावशी असती तर निदान चौथाई हिस्सा जुळला असता, इंग्लंडमधला तो प्रश्न त्यामुळेच अवघड होता. काकू ही चुलत्याची बायको, बाहेरच्या घरातून आलेली. दुधाचा पत्ता गुणसूत्रांत लागत नाही.

अहवाल आला, जुळला, फाइल हलली, आत्याला व्हिसा मिळाला. ते व्हायचंच होतं. मला पोखरत राहिलं ते दुसरंच. धाकट्याला या सगळ्या व्यवस्थेत कुठेच जागा नाही. अमेरिकेच्या कायद्यात चुलतभावासाठी अर्ज करायची सोयच नाही. मग मी कायदे वाचत बसलो. त्या वेळी त्याला दत्तक घेतलं असतं तर? १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याचं अकरावं कलम सांगतं, मुलगा दत्तक घ्यायचा तर स्वतःचा हिंदू मुलगा, नातू किंवा पणतू हयात नसला पाहिजे. आत्याला मुलगा होता. दार तिथेच बंद. हा कायदा वंश चालवण्याच्या काळजीतून आला आहे. पोरक्याला घर मिळावं ही त्याची मूळ काळजी नव्हती. ज्या घरात आधीच एक मुलगा आहे त्याला दुसरा कशाला, असा त्याचा मूक सवाल. माझं मत विचाराल तर हे कलम त्या वेळीही अन्यायाचं होतं.

आमच्या घरापुरतं हे सौम्यपणे निभावलं. सगळीकडे तसं झालं नाही. अमेरिकेने २००८ मध्ये नैरोबीपासून सुरुवात करून आफ्रिकेतल्या निर्वासित कुटुंबांची डीएनए तपासणी केली. सांगितलेली सगळी नाती ज्यांत जुळली अशी प्रकरणं वीस टक्क्यांहूनही कमी भरली. बरीच माणसं चाचणीला आलीच नाहीत, त्यांचीही गणती न जुळलेल्यांत झाली. कुटुंब एकत्र आणण्याचा तो कार्यक्रमच बंद पडला, तो २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यात फसवणूक नव्हती असं कोणी म्हणणार नाही. पण युद्धात मेलेल्या भावाची पोरं आपली म्हणून वाढवणारी माणसंही त्यात होती, आणि यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये संसदेत माफी मागावी लागली, कारण गुरखा आणि अफगाण कुटुंबांकडून बेकायदा सक्तीने डीएनए मागितला गेला होता. फ्रान्सने २००७ मध्ये अशा चाचणीचा कायदा केला आणि दोन वर्षांत अंमलबजावणीचा नाद सोडला.

आपली न्यायालयं या बाबतीत जास्त सावध आहेत, आणि मला ते बरं वाटतं. १८७२च्या पुरावा कायद्याचं ११२ वं कलम, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ वं झालं आहे, असं मानतं की वैध लग्नाच्या काळात जन्मलेलं मूल हे नवऱ्याचंच. नवराबायकोची त्या काळात भेटच शक्य नव्हती असं सिद्ध केलं तरच वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोटगीच्या खटल्यात २०१४ साली डीएनए अहवालाला या गृहीतापेक्षा वजन दिलं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात, त्याच न्यायालयाने सांगितलं, की आईवडिलांच्या भांडणात मुलाची चाचणी ऊठसूट मागता येणार नाही. दोन निकालांत ताण आहे, तो असू द्यावा.

आत्याची कागदपत्रं जमवताना मला आमची वंशावळ आयती मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगाव लोक जुनी दप्तरं धुंडाळू लागले. गाव नमुना १४, कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. आमच्या एका पुतण्याने सात पिढ्यांचा तक्ता करून सगळ्यांना पाठवला. सुबक तक्ता आहे. त्यात आत्या नाही. आजी नाही, पणजी नाही, कोणाचीच आई नाही. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, असा नुसता पुरुषांचा झाडोरा. आमच्याकडे जात पडताळणीला बापाकडचं रक्त लागतं, आणि सातासमुद्रापलीकडच्या कचेरीला लागली ती आई. त्या तक्त्यावरून आत्या आत्तेभावाची आई आहे हे सिद्ध करता आलं नसतं.

मी तो तक्ता घेऊन आत्यापुढे बसलो आणि प्रत्येक नावापाशी विचारलं, "ह्याची बायको कोण? कुठल्या गावची? पोरं किती झाली, जगली किती?" तिला पाच पिढ्या येत होत्या. सासरच्या वेगळ्या. कोणत्या घरात कोणाचं पोर वाढलं, कोण दुष्काळात मामाकडे राहिलं आणि तिथलंच झालं, हे तर तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. ते मी वहीत उतरवलं, तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, आणि तिच्या सहीखाली दोन साक्षीदार घेतले. ती अमेरिकेला गेली आणि पहिल्या थंडीत परत आली. वर्षाच्या आत पुन्हा जावं लागेल, नाहीतर तिथलं राहणं सोडलं असं धरतात. सध्या ती धाकट्याकडे आहे.

ज्यांच्या घरी भावाचं किंवा बहिणीचं पोरकं मूल वाढतं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. १९५६च्या कायद्याची अडचण येत असेल तरी आता मार्ग आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात काका-काकू, आत्या, मामा-मावशी आणि आजीआजोबा यांना नात्यातलं मूल दत्तक घेता येतं, घरात आधी मुलगा असला तरी. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत, कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होतो, आणि आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच हे करता येतं. अमेरिकेचा कायदा तर सोळाच्या आतलं दत्तक मानतो, आणि दोन वर्षं ताबा व एकत्र राहणं दाखवायला सांगतो. तेव्हा मूल लहान आहे तोवर हा अर्ज करून टाका, आणि रेशनकार्डावर तारखा तपासून घ्या.